खालचे नऊ इंच

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घराचं पुढचं दार पावसाळ्यात लागायचं नाही आणि उन्हाळ्यात गप्प बसायचं नाही. जुलैत दार लावायचं म्हणजे आतून खांदा द्यायचा. एप्रिलमध्ये तेच दार कडी घातली तरी वाऱ्यानं रात्रभर खडखडायचं. हे सात-आठ वर्षं चाललं. गेल्या वर्षी श्रावणात बायको म्हणाली, "दिवाळीला पाहुणे मागच्या दारानं घेणार असाल तर आधी सांगा, तिकडची मोरी तरी घासून ठेवते."

मग मात्र हालचाल करावी लागली. तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी नवं घ्या म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं जुनंच नीट करून दिलं. त्या कामावरून आता एक अख्खा पावसाळा गेलाय, त्यामुळं किती गेले, काय जमलं आणि कुठं बिनसलं ते सांगायला हरकत नाही. कामाचा नवेपणा अजून उतरलेला नसताना अभिप्राय देण्यात काही अर्थ नसतो. लाकडाच्या कामात तर नाहीच.

आधी दाराबद्दल. आजोबांनी हे घर १९३८ साली बांधलं. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. पुढं दार होतं तिथंच राहिलं आणि मुंबई राज्यात गेलं, १९५६ ला म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचंच कर्नाटक झालं. दोन कवाडं, जाड फळ्यांची, मागून चार आडव्या पट्ट्या मारलेल्या. चौकट पाच बाय तीन इंचाची, वर गणेशपट्टी. लाकूड कुठलं, यावर घरात तीन पक्ष होते. आईच्या मते शिसव, काकांच्या मते फणस, आणि वडील जाईपर्यंत "दांडेलीचा साग हाय तो" म्हणायचे. वर ऑइलपेंटचे इतके थर की खरं-खोटं करायला जागाच नव्हती.

मी इथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. मोजल्याशिवाय मला जेवण जात नाही, असं घरचे म्हणतात. दोन कवाडांमधली फट मी फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या, पट्ट्या एकावर एक ठेवून मोजली होती: एप्रिलमध्ये ६ मिलिमीटर, ऑगस्टमध्ये शून्य. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फितीनं मापलं तर एका कवाडाचे दोन कर्ण ८ मिलिमीटरनं वेगळे. म्हणजे लाकूड फुगत होतं हे खरं, पण कवाड लटकलंही होतं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींना लोक "दार फुगलंय" एवढंच म्हणतात.

पहिल्यांदा गेलो तयार दारांच्या एका मोठ्या दुकानात. नाव लिहीत नाही, तसली दुकानं आता गावात बरीच झालीत आणि थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच ऐकायला मिळेल. काचेच्या पलीकडं ओळीनं चाळीसेक दारं उभी. मी मोबाइलवर फोटो दाखवला. तरुण पोरगा होता, बोलायला गोड. फोटो मोठा करूनसुद्धा बघितला नाही. "काका, ह्ये काढून टाका की. आता कोण ठेवतंय असलं?" लॅमिनेटचं फ्लश डोअर, चौकटीसकट, बसवून २१,५०० रुपये. मनात म्हटलं, वाईट नाही.

मग मी माप सांगितलं. आमच्या दाराची उंची सहा फूट तीन इंच. नमस्कार करूनच आत यावं म्हणून की काय, जुन्या घरांची दारं बुटकीच असतात. तयार दारं मिळतात पावणेसात किंवा सात फुटांची. म्हणजे एकतर दार कापायचं नाहीतर भिंत. भिंत आमची वीस इंचांची, दगड-मातीची, वर लाकडाच्या जाड पाटावर तोललेली. चौकटीचे कान दोन्हीकडं भिंतीत घुसलेले. ती चौकट उपटायची म्हणजे गिलावा तर पडणारच, वरचं काय काय हलेल ते सांगता येत नाही. पोराला विचारलं, हे सगळं २१,५०० मध्ये धरलंय का? "चौकट काढायची, भिंत भरायची, गिलावा, ते तुमच्याकडं."

आणि दार कापलं तर? त्याचं उत्तर माझ्या मेव्हण्याच्या घरी अनगोळात आहे. त्यानं असलंच दार घेतलं होतं. बसवताना फरशीला घासतंय म्हणून खालून अर्धा इंच कापलं आणि कापलेली कड तशीच उघडी ठेवली. वरून कितीही चकचकीत असलं तरी आत लाकडाच्या पट्ट्या आणि प्लायच असतो, आणि तो पाणी पितो तो कडेनंच. दोन पावसाळ्यांत खालचा भाग पुरीसारखा फुगला. दुकानदार म्हणाला, पाणी लागलंय, वॉरंटीत बसत नाही. पुढच्या दाराला बेळगावात पाणी लागणार नाही तर काय लागणार? पण दोष एकट्या दाराचा नव्हता. त्या कडेला प्रायमरचे दोन हात मारले असते तर ते आजही उभं असतं. तयार दार घेणाऱ्यांनी एवढं जरूर बघावं: कापल्यावर खालची आणि वरची कड रंगवल्याशिवाय बसवू द्यायचं नाही.

दुसरीकडं एका लाकडाच्या वखारीत गेलो. त्यांचाच सुतार होता. नवं सागवानी, चौकटीसकट, पॉलिश करून ५८,०००. हिशोब त्यानं कागदावर मांडून दिला, ते मला आवडलं. चौकटीला सव्वादोन घनफूट, कवाडांना अडीच, घट धरून सहा. कागद कानडीत, घनफुटाला 'घन अडी' लिहिलेलं. मी सावकाश वाचतोय हे बघून तो हसला. मी म्हटलं, "अडी कळते हो, अढी नाही कसली." मग विचारलं, लाकूड वाळलेलं किती आहे? तर म्हणे पूर्ण सीझन झालेलं. मोजलंय का? आमच्या फाउंड्रीत साच्याच्या मातीतला ओलावासुद्धा रोज मोजतात, लाकडासाठी तर हातात मावणारं मीटर मिळतं. त्याच्याकडं नव्हतं. वर म्हणाला, "राहिलं थोडं तर तुमच्या घरात वाळंल की."

घरात वाळेल, म्हणजे घरात आटेल. आणि आटताना वाकेल. ओलं लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि फळ्यांच्या दारात सगळी गोम रुंदीतच असते. आमच्या जुन्या दाराचं काय व्हायचं ते वाळणं शहाऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. मग ५८,००० देऊन तोच वनवास पुन्हा पहिल्यापासून कशाला?

तिसरे हे मेस्त्री. खात्यातल्या एका खानापूरच्या पोरानं सांगितलं, आमच्या गावाकडं एक म्हातारे सुतार आहेत, दुरुस्तीचं काम धरतात. धरतात हा शब्द महत्त्वाचा. बाकीचे दुरुस्ती म्हटलं की फोन उचलत नाहीत, कारण नव्या कामात सुटतात तेवढे पैसे त्यात नसतात. मेस्त्री बसनं आले, खांद्याला पिशवी. घरची भाषा कानडी, आमच्याशी मराठी, आणि स्वतःशी बोलताना पुन्हा कानडी. आईला पहिल्या मिनिटाला 'अव्वा' म्हणाले आणि तिथंच अर्धं काम मिळवलं.

त्यांनी टेप काढला नाही. हातोडीच्या दांड्यानं चौकट वरून खाली वाजवत आले. ठक, ठक, ठक, आणि खाली येता येता एकदम भद. मग पिशवीतून दाभण काढलं, पोती शिवायचं असतं तसलं. वर टोचलं तर टोकसुद्धा रुतेना. खाली टोचलं तर मुठीपर्यंत आत. दुसऱ्या बाजूला तेच. मी पट्टी लावली: एकीकडं नऊ इंच, दुसरीकडं साडेसात. मग बिजागरीजवळ पटाशीनं रुपयाएवढा रंग उडवला. आत सोनेरी-तपकिरी लाकूड आणि तो तेलकट वास. वडिलांचा पक्ष जिंकला. मेस्त्री स्वतःशीच म्हणाले, "बागला चलो ऐत्री. काल अष्ट हाळागेद." दार ठणठणीत आहे, पाय तेवढे गेलेत.

पाय का गेले, तेही त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं. मूळ उंबरा दगडाचा होता, चौकटीचे पाय त्यावर मोकळे उभे. १९९४ साली वडिलांनी ओटा सिमेंटचा केला तेव्हा पाय दोन इंच सिमेंटमध्ये गाडले गेले. लाकडाचं आडवं अंग पाणी सहज घेत नाही, पण कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची जुडी. खालून पाणी वर चढत राहतं आणि सिमेंटनं कोंडलेलं ते वाळत नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, त्याच्या अंगात तेल असतं. पण वर्षानुवर्षं ओलं राहिलं तर सागही कुजतोच.

"आणि पाणी येतंय कुठनं?" मी विचारलं. मेस्त्रींनी काही न बोलता कोपऱ्यातल्या तांब्याकडं बघितलं.

आई लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी उंबऱ्यावर तांब्याभर पाणी घालते. मग हळद-कुंकू, मग रांगोळी. पाऊस चार महिने पडतो, आई बारा महिने. आता हे तिला कोण सांगणार? मेस्त्रीच म्हणाले, "अव्वा, फडकं ओलं करून पुसा की. देवाला चालतंय." आई म्हणाली, देवाला काय चालतं ते तुम्ही नका सांगू. तो विषय तेवढ्यावरच राहिला.

मला वाटलं, उद्याच सुरू करतील. नाही म्हणाले. पावसाळ्यात लाकूड पूर्ण फुगलेलं असतं. "आत्ता रंधा मारला तर मार्चमध्ये फटीतनं मांजर जाईल." आमच्या दाराची एप्रिलमधली ६ मिलिमीटरची फट अशाच कुणीतरी पावसाळ्यात मारलेल्या रंध्याची होती, हे मला तेव्हा कळलं. काम दिवाळीनंतर ठरलं. पाहुणे अर्थातच मागच्या दारानं आले.

तुळशीचं लग्न झालं आणि मेस्त्री आले. नवं लाकूड त्यांना नकोच होतं. पाडलेल्या एका जुन्या घराची सागवानी तुळई होती, तिचा तुकडा घेतला. जुन्याला जुनं, म्हणजे दोन्ही सारखंच वाळलेलं, जोड फाकत नाही. त्या तुकड्यावरून आधी चुंबक फिरवला. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात आणि एक खिळा रंध्याचं पातं बाद करतो. कुजलेला भाग सरळ कापला नाही, तिरका कापला. तिरक्या कापाला चिकटायला जागा जास्त मिळते, आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवला की पाणी जोडात थांबत नाही. वरचा आणि खालचा काप इतका जुळला की मी ०.१ मिलिमीटरची पट्टी घालून बघितली. गेली नाही. आमच्या खात्यात असा जॉब आला तर आम्ही दोनदा मोजतो, विश्वास बसत नाही म्हणून. चिकटवून वर दोन-दोन लाकडी मेखा मारल्या. भिंतीकडच्या अंगाला डांबर, खालच्या टोकाला तर तीन वेळा. सिमेंट फोडून काळ्या दगडाचा उंबरा बसवला, बाहेरच्या बाजूला जरासा उतार देऊन, आणि नवे पाय त्यावर उभे केले.

बिजागऱ्यांचं काम किरकोळ, पण खरा फरक त्यानंच पडला. जुन्या स्क्रूंची भोकं सैल झाली होती. लोक त्यात काड्यापेटीची काडी खुपसतात आणि दोन महिने काढतात. मेस्त्रींनी भोकं गिरमिटानं मोठी करून सागाच्या गुट्ट्या ठोकल्या आणि नव्या पाच इंची पितळी बिजागऱ्या बसवल्या. कवाड वर आलं. कर्णातला फरक ८ वरून २ वर.

रंग काढण्यावरून मात्र वाद झाला. त्यांचा मदतनीस ब्लो लॅम्प घेऊन आला होता. माझी मुलगी केमिस्ट्री शिकते, तिनं हात धरून थांबवलं. जुन्या ऑइलपेंटात शिसं असण्याची शक्यता मोठी; ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा आपल्याकडं लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, आणि आमचा शेवटचा थरसुद्धा त्याच्या कितीतरी आधीचा. तो जाळला की वाफ नाकात, कोरडा घासला की धूळ पोरांच्या हाताला. मग रिमूव्हर लावून, ओलं करून खरवडला, तोंडाला मास्क बांधून. खरवड पिशवीत भरली, झाडू मारू दिला नाही. दोन दिवस जास्त लागले. मदतनीस वैतागला, पण जुन्या दाराचं काम काढणाऱ्या कुणालाही मी हे पहिल्यांदा सांगेन. तपकिरीखाली निळा, निळ्याखाली हिरवा, मग पुन्हा हिरवा. गणेशपट्टीवरच्या गणपतीला सोंड आहे हे आमच्या पिढीनं पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं तो एक गोळाच होता.

आता तक्रारी. सहा दिवसांचं काम म्हणाले होते, लागले तेवीस. मधे कारखान्याची ऊसतोड आली म्हणून मेस्त्री गावाकडं गेले ते नऊ दिवस आलेच नाहीत, आणि तेही कवाडं उतरवून ठेवलेली असताना. पत्रा आडवा लावून मी आणि मुलगा आळीपाळीनं दारात झोपलो. डिसेंबरची थंडी, आणि शहापुरातली कुत्री. फोन लावला की, "आज ट्रॅक्टर येतोय, उद्या बघा की." कारण खरं असेल, पण कवाडं उतरवण्याआधी सांगता आलं असतं. दुसरं, नव्या पायांचा रंग वरच्या लाकडाशी जुळत नाही. उजवीकडचा तर चांगलाच फिका. अळशीचं तेल दोनदा दिल्यावर फरक कमी झाला, गेला नाही. बायकोला तो पायात नवे मोजे घातल्यासारखा दिसतो. तिसरं, पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब.

तो हिशोब असा: मेस्त्रींचे सहा दिवस ६,६००, मदतनिसाचे चार दिवस २,८००, जुना साग २,४००, बिजागऱ्या १,१५०, दगडी उंबरा १,८००, रिमूव्हर-पेपर-तेल १,९००. एकूण १६,६५०. जादा लागलेल्या दोन दिवसांचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मी दिले तर अर्धेच घेतले, ते यात धरलेले नाहीत. तयार दारापेक्षा ४,८५० रुपये कमी. फार मोठी बचत नाही, हे कबूल. भिंत फोडायचा खर्च त्यात घातला तर आकडा बदलतो.

आणि सगळं जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. मोरीकडचं मागचं दार याच मेस्त्रींना दाखवलं होतं. त्यांनी दाभण बिजागरीच्या वर टोचलं, ते तिथंही आत गेलं. रायवळ लाकूड, वाळवीनं आतून पोकळ. म्हणाले, "ह्येच्यात माझी मजुरी घालू नका." वीतभर, दीड वीत कुजलेलं असेल तर जोडायचं, कुज बिजागरीपर्यंत चढली असेल किंवा मुळात लाकूडच हलकं असेल तर टाकायचं, असा त्यांचा हिशोब. तिथं आम्ही डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं, दार बसवलं, ९,८०० रुपयांत. दिसायला प्लास्टिकच, पण पाण्याला दाद देत नाही. मोरीला तेच बरोबर. दुसऱ्याचं काम नको म्हणून सांगणारा कारागीर मला तीस वर्षांच्या नोकरीत फार कमी भेटलाय.

यंदा मृग लागला तसा मी पट्ट्या घेऊन दाराशी. जानेवारीत फट होती ३ मिलिमीटर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ऐन झडीत, १ ची पट्टी अडत अडत का होईना गेली. खांदा एकदाही द्यावा लागला नाही. कडी एका बोटानं लागते, आणि तिचा आवाज बदललाय. आधी खडखड होती, आता टक्. डाव्या कवाडाची खालची कड जराशी घासते. ती मेस्त्री यंदा ऊस गेल्यावर बघतो म्हणालेत, म्हणजे केव्हा ते कारखान्यालाच विचारायला हवं.

खंडेनवमीला फाउंड्रीतून लवकर सुटलो. घरी येऊन हत्यारांच्या पूजेत फिलर गेजही ठेवावं म्हणून दारात आलो, तर उंबरा ओलाचिंब. उजव्या पायाशी, फिक्या मोज्यापाशी, चांगलं पसाभर पाणी साचलेलं. आईला विचारलं. म्हणाली, "सकाळी पाऊस आला होता की." मी सकाळपासून उद्यमबागेत होतो. तिथं कडक ऊन होतं.